सव्वाशेची पेटी

जुनी पेटी (लहान मंडळींसाठी: हार्मोनियम) शोधायचं माझं खूळ घरच्यांना चांगलंच माहीत आहे. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईचा चोरबाजार झाला. परवा मामांकडे मानवतला गेलो तर तिथेही स्वस्थ बसवेना.

सिनेमात दिसतं तसं, काचेमागे गिटार टांगलेलं गहाणवटीचं दुकान आपल्याकडे कुठलं असायला! आपल्याकडे सावकार. सोनं येतं, तांब्याचे हंडे येतात, आणि वाईट वर्षी कधी पेटीही. एका जुन्या पेढीच्या माळ्यावर मला ती दिसली. सोडवायला कुणी आलंच नाही म्हणाले.

पेटी घेताना आधी एकही पट्टी न दाबता भाता भरायचा आणि हवा किती वेळ टिकते ते बघायचं. ही लगेच बसली. म्हणजे आतलं चामडं फाटलेलं. पण रीड गंजले नव्हते, आणि रीड चांगले असले की बाकी सगळं दुरुस्त होतं. परदेशी म्हणून याच वाद्याला आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं दूर ठेवलं होतं, आणि इकडे खेडोपाडी भजन पेटीशिवाय उभं राहत नव्हतं. असो. चेहऱ्यावर काही न दाखवता मी फाटलेल्या चामड्यावरच बोलत राहिलो. चार हजारांची पेटी बावीसशेला मिळाली. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो, स्वतःवर जाम खूश.

मामांनी झाकण उघडलं. आतल्या बाजूला ऑइलपेंटनं 'भजनी मंडळ' लिहिलेलं होतं. त्याआधीचा शब्द कुणीतरी खरवडून काढला होता. मामा त्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

"हे मीच खरवडलंय," म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात. गावाचं नाव सावकाराच्या माळ्यावर नको म्हणून."

मामा तेव्हा विशीतले. मंडळातले निम्मे लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, भजनाला बसणार कोण? पाऊस आला की सोडवू, असं ठरलं होतं. पाऊस आला, पण मंडळ पुन्हा जमलं नाही. नंतर मामा मानवतला राहायला आले. त्या पेढीवरून रोजचं जाणं-येणं, पण आत कधी गेले नाहीत.

"किती दिले रे?"

मी सांगितलं. घासाघीस कशी केली तेही सांगून बसलो होतो, आधीच.

"आम्हाला सव्वाशे मिळाले होते," मामा म्हणाले.

मग त्यांनी मामींकडून जुन्या धोतराचा तुकडा मागून घेतला आणि एकेक पट्टी पुसायला लागले. वाजवली मात्र नाही. मी भाता दुरुस्त करणाऱ्याची चौकशी सुरू केली आहे, परभणीत कुणी माहीत असेल तर कळवा.

पेटी बघायला येतो म्हणालेल्या सगळ्यांना: ती माझ्याकडे नाही. मानवतला मामांकडे आहे.