माजी विद्यार्थी

दिवाळीच्या सुमारास आमच्या वडिवळ्यात भाताची कापणी चालू असते. त्या दिवसांत नाणे मावळातला माणूस भाताखेरीज दुसरे काही बोलत नाही. पण यंदा गावातली चार तरुण पोरे भर कापणीत माझ्या ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, शाळेचा माजी विद्यार्थी संघ काढतोय. अध्यक्ष तुम्हीच."

"संघ करणार काय?" मी विचारले.

"मेळावा! शाल-श्रीफळ, जेवण आणि सगळ्यांचा एक फोटो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मला मात्र आमचे दादा, म्हणजे माझे वडील आठवले.

दादा डेक्कन कॉलेजचे माजी विद्यार्थी. निदान ते तसे सांगत. कामशेतच्या बाजारात नवा मास्तर भेटो की तलाठी, चार वाक्यांत दादांचे कॉलेज यायचेच. मी सातवीत असताना एकदा पाहुण्यांदेखत बोलून गेलो, "पण दादा, तुम्ही बी.ए. कुठे झालात?" दादा काही बोलले नाहीत. उठले आणि बैलांना वैरण घालायला गेले. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर अजून मला विसरता आलेली नाही.

बोललो ते खोटे नव्हते. खडकीला मामांकडे राहून, रोज पायी ये-जा करून दादा इंटरपर्यंत पोचले होते. १९३४ साली सरकारने कॉलेजच बंद केले. त्याच पावसाळ्यात आजोबा वारले. दुसऱ्या कॉलेजात नाव घालायचे राहिले ते राहिलेच. पुस्तके माळ्यावर गेली आणि दादा चिखलणीला उतरले.

पुढल्या रविवारी दादांनी मला गाडीत बसवले आणि खडकीला उतरून चालत येरवड्याला नेले. करड्या दगडाची, टोकदार कमानींची ती इमारत पाहून मी गप्पच झालो. दादा मात्र सुटले. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात ही पाठशाळा म्हणून सुरू झाली, तीही पेशवे ब्राह्मणांना वाटीत त्या दक्षिणेच्या पैशातून. पुढे तिचे कॉलेज झाले. सर जमशेटजी जीजीभॉय घराण्याच्या देणगीची जोड मिळून ही इमारत उठली आणि १८६८ साली कॉलेज येथे आले. टिळकांची खोली त्यांनी मला बाहेरून दाखवली. टिळक आणि आगरकर यांनी शाळा काढण्याचे बेत येथेच केले, हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता, की जणू ते शेजारच्या खोलीत राहत होते!

मग एका झाडाखाली बसून दादा म्हणाले, "बंद झाल्यावर ही सगळी जागा विकायला निघाली होती. आड कोण आले ठाऊक आहे? माजी विद्यार्थी. त्यांचा संघ कोर्टात गेला. देणगी विद्येसाठी दिलेली आहे, ती दुसरीकडे वळवता येणार नाही, असे भांडले. त्यांना स्वतःला काय मिळायचे होते? कुणी वकील, कुणी पेन्शनर. पदव्या तर केव्हाच खिशात पडलेल्या. पण भांडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ ला दार पुन्हा उघडले."

"मग तुम्ही परत का नाही आलात?"

"घरी तुझ्या दोन आत्यांची लग्ने व्हायची होती. शिवाय बी.ए.चे वर्ग आता येथे नव्हतेच. ही संशोधनाची संस्था झाली. माझ्यासाठी नाही उघडले रे, पण उघडले!"

एवढे सांगून ते हसले. त्या हसण्यात खंत अजिबात नव्हती, असे मी म्हणणार नाही. व्हरांड्यात काही विद्यार्थी धुतलेली खापरे मांडीत होते. आपल्या बांधावर सापडतात तसलीच. सांकलियांनी जमिनीखालचा महाराष्ट्र उकरला आणि इरावती कर्व्यांनी जमिनीवरची माणसे अभ्यासली, ती दोघेही १९३९ साली याच संस्थेत आली, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. आज ती संस्था अभिमत विद्यापीठ आहे. त्या दिवशी मात्र मला एवढेच कळले, की आठवडाभरापूर्वी मी दादांना जे विचारले, ते विचारायचे नव्हते. परतीच्या गाडीत मी त्यांचा हात धरून बसलो. क्षमा मागायचा धीर झाला नाही. पुढेही कधी झाला नाही.

हे सारे मी त्या चार पोरांना सांगितले. त्यातला एक हळूच म्हणाला, "पण आजोबा, आपल्या शाळेवर कुठे खटला आहे?"

"खटला नाही. पण पट दरसाल घटतो आहे, हे मला तूच सांगितलेस ना? पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?"

ते कुणालाच ठाऊक नव्हते. मग ठरले, की आधी किल्ली शोधायची. दर शनिवारी आपल्यातल्या एकाने शाळेत जाऊन मुलांना वाचून दाखवायचे. जेवण आणि फोटो वर्षाच्या शेवटी.

अध्यक्षपद मी घेतले. वहीच्या पहिल्या पानावर सभासदत्वाचा नियम मीच माझ्या हाताने लिहिला: शाळेत जो एक दिवस जरी बसला असेल, तो माजी विद्यार्थी. पास झाल्याचा दाखला मागू नये.