जहाज बंदराला लागले, तरी विश्रांती कुठे?

जहाज बंदराला लागले की आपल्या मुलाला उसंत मिळत असेल, अशी घरच्यांची समजूत असते. कोकणातील माझ्या दवाखान्यात येणारे अनेक वृद्ध आईवडील म्हणतात, "बोट दोन दिवस बंदरात आहे, तरी मुलाचा फोन नाही." काळजीने त्यांची झोप उडालेली असते, रक्तदाब वाढलेला असतो. अशा वेळी औषधाबरोबर थोडी माहितीही उपयोगी पडते.

२००१ साली अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजे व बंदरे यांसाठी सुरक्षा संहिता केली. ती १ जुलै २००४ पासून अमलात आली. तेव्हापासून बंदरात उभ्या जहाजाच्या शिडीपाशी अहोरात्र पहारा असतो. येणाऱ्या प्रत्येकाची ओळख तपासून नोंद करावी लागते, ठरावीक काळाने सुरक्षेच्या कवायती होतात. सुरक्षेच्या तीन पातळ्या असून पातळी वाढली की पहारा व झडत्याही वाढतात.

या नियमांचा हेतू रास्त आहे. परंतु हे काम बहुधा आधीच्याच माणसांवर पडले. मोठ्या मालवाहू जहाजावरही अनेकदा वीस-पंचवीसच माणसे असतात. सुरक्षा अधिकारी म्हणजेही बहुतेक वेळा त्यांतलाच एक अधिकारी. मालाची चढउतार आणि तपासण्या सांभाळूनच त्याला हे काम करावे लागते.

अपुऱ्या झोपेने लक्ष विचलित होते, निर्णय चुकतात, हातपाय मंदावतात. शिवाय आपण किती थकलो आहोत, हेच थकलेल्याला उमगत नाही. ताणलेले दोरखंड आणि क्रेन यांच्यामध्ये एक डुलकीही जिवावर बेतू शकते. पहारेकरीच पेंगू लागला, तर सुरक्षा कसली?

म्हणूनच सागरी श्रम करारात विश्रांतीची किमान मर्यादा आहे : २४ तासांत १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास. दिवसाची विश्रांती फार तर दोन भागांत घेता येते. त्यांतला एक भाग सलग ६ तासांचा हवा. या नोंदीची प्रत मिळणे हा खलाशाचा हक्क आहे. मात्र नोंदवहीतील विश्रांती प्रत्यक्षात मिळालीच असेल, असे नाही.

तेव्हा "फोन का केला नाहीस?" असे विचारण्याऐवजी "सलग किती तास झोपलास?" असे विचारा. उत्तराची घाई न करता छोटा निरोप पाठवा. घरचे गंभीर आजारपण लपवू नका, पण किरकोळ कुरबुरी त्याच्या झोपेच्या वेळी सांगू नका. तो घरी आल्यावर पहिले काही दिवस पाहुणे व समारंभ आवरते घ्या. निद्रानाश, चिडचिड वा उदासी दोन-तीन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि फोनची वाट पाहत आपणही जागू नका. आपल्या गोळ्या वेळेवर घ्या, वेळेवर निजा. घरचे सुखरूप आहेत, एवढे कळले तरी दूरच्या माणसाला निश्चिंत झोप लागते.