ढवळीचे एकवीस दिवस

पेण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गणपती आणि पोह्याचे पापड! रोहा म्हटलं की कुंडलिका नदी आणि धाटावचे कारखाने. मी पेणला राहते, खारेपाटातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझी मावशी रोह्याजवळच्या एका गावात राहते. त्यामुळे पेण ते रोहा ही वाट माझ्या पायाखालची. पण २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या वाटेनं निघाले, ती चक्क एका गाईच्या कामासाठी.

गाईचं नाव ढवळी. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरची. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ही मुलगी डबा न खाता बसली होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, आजी म्हणते भाताची कापणी झाली की ढवळीला विकायची. ती तीनदा उलटली."

गाय उलटली म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असतं. शहरातल्या मुलांसाठी सांगते. गाय फळवली, पण ती गाभण राहिली नाही आणि पुन्हा माजावर आली, तर ती उलटली असं म्हणतात. गाभण नाही तर वासरू नाही, वासरू नाही तर दूध नाही. मग भाकड गाईला पेंढा घालणं गरीब घराला परवडत नाही. आजी काही दुष्ट नव्हती. सकाळी मी तिच्या घरी गेले तेव्हा ती ढवळीच्या पाठीवरून हात फिरवतच बोलत होती. "काय करू बाई, हिच्या नशिबातच नाही."

माझा मावसभाऊ जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. त्याला विचारावं म्हणून मी दिव्याहून येणारी रोह्याची गाडी पेणला पकडली. पेण सोडलं की दोन्ही बाजूंना भातशेती लागते. काही खाचरं पिवळी उभी होती, काहींत कापलेल्या भाताचे भारे पडले होते. चरणाऱ्या गुरांच्या मागेमागे बगळे. कासू गेलं, नागोठण्याला अंबा नदी आली, मग निडी आणि रोहा. खिडकीतून मी फक्त गाई बघत होते. लहान चणीच्या, तांबड्या, काळ्या, पांढऱ्या. लहानपणापासून या गाईंना आम्ही नुसतं 'गावठी' म्हणत आलो. पण २०१८ मध्ये कोकणातल्या या गाईची 'कोकण कपिला' या नावानं स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दूध थोडं देते. पण कोकणातला पाऊस, उकाडा आणि डोंगर ती सहन करते.

मावशीच्या अंगणात भावानं मोटारसायकलवरून एक मोठी किटली उतरवली. दुधाची नाही हं! झाकण उघडलं तर आतून पांढरा धूर निघाला. "हात लावू नकोस ताई, आत द्रवरूप नायट्रोजन आहे. उणे १९६ अंश!" आपलं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्याच्याही किती खाली ते बघा. त्या थंडीत बारीक नळ्या होत्या, सरबताच्या नळीपेक्षा कितीतरी बारीक. एका नळीत पाव मिलिलिटर वीर्य आणि त्यात सुमारे दोन कोटी शुक्राणू. एवढ्या थंडीत ते वर्षानुवर्षं टिकतात. वळू मरून गेला तरी त्याची वासरं जन्माला येऊ शकतात. नळी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि डॉक्टरांनी ती गाईच्या गर्भाशयात सोडायची. याला कृत्रिम रेतन म्हणतात.

ही युक्ती सापडली कशी, तीही गंमतच आहे. इटलीत स्पालांझानी नावाच्या शास्त्रज्ञानं १७८० मध्ये एका कुत्रीवर असा प्रयोग केला आणि तिला पिल्लं झाली. पण शुक्राणू गोठवले की मरत. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्याचे सहकारी कोंबड्याच्या शुक्राणूंवर काम करत होते. साखरेच्या द्रावणात प्रयोग फसत होता आणि एके दिवशी तो अचानक जमला! तपासलं तर बाटलीत साखर नव्हतीच, ग्लिसरीन होतं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आपल्याकडे म्हैसूरला १९३९ मध्येच कृत्रिम रेतन झालं होतं. महाराष्ट्रात उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली आणि गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या घेऊन तिचे कार्यकर्ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत जाऊ लागले.

मावशीची शेळी दोन करडांना पाजत होती. मी सहज विचारलं, "हिला दोन, मग गाईला एकच का?" भाऊ म्हणाला, गाईच्या पोटात एका वेळी बहुधा एकच बीज पिकतं, शेळीच्या पोटात दोन-तीनही. आपल्या दख्खनी मेंढीलाही बहुतेक एकच कोकरू होतं. पण बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची बुटकी मेंढी आहे, तिला जुळी होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तिच्यातला तो गुण दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी तयार केली. मला हे ऐकून फार मजा वाटली, पण ढवळीला एक झालं तरी पुरे होतं!

मग मी ढवळीची सगळी हकिगत सांगितली. भावानं पहिला प्रश्न विचारला, "गाय माजावर आलेली घरात कोण बघतं?"

मला काय ठाऊक! म्हणून परतल्यावर मी त्याच सांगितलेल्या गोष्टी विचारत पुन्हा आजीकडे गेले. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज बारा ते अठरा तासच असतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी फळवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. उशीर झाला की बीज मरून जातं, मग पुढचे एकवीस दिवस वाट बघा. म्हशीचा तर मुका माज. ती हंबरतसुद्धा नाही.

आजीला डोळ्यांनी कमी दिसतं. मुलीचे वडील कंपनीतून रात्री येत, तेव्हा त्यांना ढवळी हंबरताना ऐकू येई. डॉक्टरांना फोन जायचा तो दुसऱ्या दिवशी दुपारी. एवढ्यात ही मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ती आदल्या सकाळपासूनच करते तसं. शेजारच्या गाईवर उड्या मारते. शेपटीखाली काचेसारखी तार लोंबते. मी शाळेत यायच्या आधी बघते ना!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

तिला मी एक जुनी वही दिली. दुसरी अडचण खाण्याची होती. नुसत्या पेंढ्यात प्रथिनं कमी आणि स्फुरदही कमी. डॉक्टरांनी जंताचं औषध आणि क्षारांची पुडी दिली. ओला चारा मात्र खारेपाटात उन्हाळ्यात आणायचा कुठून, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

१२ नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता वहीत नोंद झाली आणि फोनही तेव्हाच गेला. डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी विचारलं, कुठल्या जातीची नळी वापरू? जर्सीच्या वासराला दूध जास्त, पण त्याला खुराक आणि औषधपाणी फार. आजी म्हणाली, "देशीच हवी." त्यांच्याजवळ त्या दिवशी गीर होती, कोकण कपिला नव्हती. ढवळीचं वासरू अर्धं गीर होणार, म्हणजे खिडकीतून दिसलेल्या त्या चिमुकल्या गाईंपैकी एक घर कमी झालं. मला ते थोडं लागलं. आजीला दूध हवं होतं, आणि तिचंही बरोबरच होतं.

३ डिसेंबर आला. ढवळी शांत. दुसरा दिवस, तिसरा दिवस, तरी शांत. मुलगी रोज प्रार्थनेआधी मला नुसती मान हलवून दाखवायची. फेब्रुवारीत डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि म्हणाले, "गाभण आहे."

त्या दिवशी आमच्या गणिताच्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. गाय नऊ महिने नऊ दिवसांची, म्हैस दहा महिने दहा दिवसांची, हे म्हातारी माणसं सांगतात. एका गटानं महिने मोजून २१ ऑगस्ट काढला. दुसऱ्यानं डॉक्टरांनी सांगितलेले २८३ दिवस एकेक करून मोजले आणि २२ ऑगस्ट काढला. बरोबर कोण, यावरून इतकं भांडण झालं की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

ढवळी व्यायली २५ ऑगस्टला, गणपती दोन दिवसांवर असताना. दोन्ही गट हरले! झाला गोऱ्हा. आजीला कालवड हवी होती, तिनं क्षणभर कपाळाला हात लावला आणि मग खरवसासाठी गूळ काढायला आत गेली. मुलगी वहीचं नवं पान उघडून बसली होती.