मगरिब ते इशा

आमच्या घरांत मुलांच्या हाती मोबाइल आला तो शाळेच्या वाटेने. हे आधी सांगितले पाहिजे, कारण आज पालकसभेत जो उठतो तो मोबाइलला शैतानाचा डबा म्हणतो. पूर्वी हे नाव टीव्हीला होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या कारखान्यांलगतच्या चाळींत, बदलापूरच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी बहुधा एकच स्मार्टफोन असे आणि तो अब्बूंच्या खिशात असे. जीन्स शिवण्याचे काम थांबलेले, रिचार्जला पैसे नाहीत. तरी आम्ही उर्दू शाळेच्या शिक्षिकांनी निरोप धाडून धाडून वर्गांचे गट केले. रात्री दहाला वह्यांचे फोटो तपासायला येत. पुढे शाळा उघडल्या, फोन मात्र मुलांच्याच हाती राहिला. गृहपाठाच्या गटाशेजारी रील्स आल्या, गेम आले, अनोळखी दोस्त आले. आता तो फोन आम्हीच काढून घ्यावा अशी पालकांची अपेक्षा आहे.

उर्दू माध्यमाच्या घरांत आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. अम्मी उर्दूत शिकलेली. 'इन्किलाब' ती सहज वाचते. पण लेक मोबाइलवर तीच उर्दू इंग्रजी अक्षरांत, अर्धे शब्द गाळून लिहिते. भाषा घरचीच, पण अम्मीला चार ओळी लागत नाहीत. फाळणीच्या निर्वासितांसाठी वसलेल्या उल्हासनगरात सिंधी आजोबांचे दुःख असेच आहे. त्यांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, नातवाला ती वाचताच येत नाही. तिथे नातू आजोबांच्या लिपीला पारखा झाला, आमच्याकडे आईच लेकीच्या लिपीला. अशा आईला 'मुलीच्या मोबाइलवर लक्ष ठेवा' असे सांगून काय उपयोग?

शिवाय लक्ष ठेवणे म्हणजे काय, हेही मुलगा आणि मुलगी पाहून बदलते. मुलाच्या मोबाइलची तक्रार डोळ्यांची, मार्कांची, उशिरा उठण्याची. मुलीच्या मोबाइलची तक्रार एकच, इज्जतीची. नववीतली एक मुलगी तीन आठवडे गप्प गप्प होती. कोणीतरी तिचा प्रोफाइलचा फोटो घेऊन भलत्याच चित्राला जोडला होता आणि तो पसरवायची धमकी दिली होती. ती आमच्याशी बोलली तेव्हा धमकी देणाऱ्याचे नाव नंतर आले. पहिले वाक्य होते, "मिस, घर पे मत बताना. स्कूल छुडा देंगे."

तिचे चुकीचे नव्हते. शाळा सुटलेल्या अशा मुली आमच्या पाहण्यात आहेत. गुन्हा दुसऱ्याचा आणि घरी बसणार ही. तिच्या अम्मींना आम्ही शाळेत बोलावले, शेजारी बसवून सगळे समजावले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते, १०९८ हा मुलांचा मदतक्रमांक आहे, हे त्यांना माहीत नव्हते. बहुतेकांना नसते. मुलगी शाळेत राहिली. पण ती तीन आठवडे ज्याला भीत होती तो इंटरनेटवरचा माणूस नव्हता, तिच्याच घरचा होता. वर्गात अशा आणखी किती गप्प बसलेल्या असतील, हा विचार तेव्हापासून आमची पाठ सोडत नाही.

मुलींना हा धोका सांगताना मोठ्या गोष्टीही सांगाव्या लागतात. १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभरांहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला मांडले गेले. त्याआधी जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' झाले होते. त्या स्त्रियांत पत्रकार होत्या, विद्यार्थिनी होत्या. त्यांतल्या काही उघडपणे पुढे आल्या, तक्रारी केल्या, म्हणून पोलीस हलले. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत बंगळुरूचा एकवीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता, उत्तराखंडची अठरा वर्षांची मुलगी होती. म्हणजे आमच्या दहावीच्या मुलांपेक्षा दोन-पाच वर्षांनीच मोठी. हे ऐकून वर्ग शांत होतो.

मुलांना वेगळी गोष्ट सांगावी लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला (ते तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते) बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर चार शब्द लिहिले, मैत्रिणीने ते 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने पुढे २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण दवाखाना त्याआधीच फुटला होता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून दंगल पेटली. आमच्या मुलाच्या एका स्टेटसची किंमत त्याच्या घरालाच नाही, गल्लीला पडू शकते. हा न्याय आहे असे आम्ही मुलांना कधीच सांगत नाही. पण आहे हे असे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराने गाव पेटून उठले, २० तारखेला लोकांनी कित्येक तास रेल्वे अडवली. राग खरा होता. त्याबरोबर मोबाइलवर खोट्या बातम्याही धावत होत्या. "किसने भेजा?" असे वर्गात विचारले की उत्तर येई, "मिस, मामू के ग्रुप में आया था." मामूंना कुठून आले, ते मामूंनाही माहीत नाही. अशा वेळी आम्ही सूरह हुजुरातचा आधार घेतो. पोलिसांचे पत्रक जे ऐकत नाहीत ते हे ऐकतात. कोणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, हे तिच्या सहाव्या आयतीत आहे. अकराव्यात एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावे ठेवू नका असे आहे. बाराव्यात गीबत, म्हणजे पाठीमागे निंदा, मना आहे, तशीच तजस्सुस, म्हणजे हेरगिरीही मना आहे. सभेत इथपर्यंत माना डोलतात. मग आम्ही विचारतो, बहीण झोपली असताना तिचा फोन उघडून पाहणारा भाऊ काय करतो? तेव्हा काही माना थांबतात. एका अब्बूंनी स्पष्ट सांगितले की लहान मुलांवर नजर ठेवणे आईबापांचा हक्कच आहे. आहे ना. पण मुलांना सांगून, त्यांच्यासमोर बसून.

बंदीचे म्हणाल तर २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉक बंद केले आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामच्या रील्स भारतात सुरू झाल्या. मुलांना जेमतेम नऊ दिवसांचा उपवास घडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंद केला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरची खाती कायद्याने बंद केली. आम्हाला त्याहून पटते ते सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव. तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले की देवळावरचा भोंगा सात वाजता वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आणि बंद म्हणजे मोठ्यांचाही बंद.

आमच्या गल्लीत असा भोंगा कोण वाजवणार? पण मगरिब ते इशा हा साधारण सव्वा-दीड तास आमच्याकडे आहेच. आम्ही काही घरांना सुचवले की मगरिबला सगळ्यांचे फोन एका ताटात ठेवा, इशाला उचला. काही घरांत जमले. जमले नाही त्याची कारणेही खरी आहेत. शिलाईची ऑर्डर फोनवरच येते. दुबईचा भाऊ त्याच वेळी फोन करतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, फोन ठेवल्यावर करायचे काय? एका अम्मीने हसत सांगितले की ताटातला फोन सगळ्यांत आधी उचलतात ते मुलांचे अब्बूच.

या वर्षीच्या पालकसभेत आम्ही वेळ, वय, तास हे सगळे बाजूला ठेवले आणि एकाच ओळीवर सह्या मागितल्या. उर्दूत आणि देवनागरीत छापून घेतली होती. "जो बच्चा आकर बताएगा, उसका न फोन बंद होगा, न स्कूल." बऱ्याच जणांनी सह्या केल्या. काहींनी 'घर में पूछना पडेगा' म्हणून कागद घडी करून नेला. एका मुलीच्या अब्बूंनी बराच वेळ पेन हातात धरले, मग 'फोन' या शब्दावर आडवी रेघ मारली, 'स्कूल' तसेच ठेवले आणि खाली सही केली. आम्ही तो कागद तसाच फाइलला लावला.