लाल वर, पांढरा खाली

गिलनेटवाल्या बोटीची रात्र इंजिन बंद करून काढायची असते. संध्याकाळी जाळं सोडायचं, त्याचं एक टोक बोटीला बांधायचं आणि पहाटेपर्यंत प्रवाह नेईल तिकडे वाहत राहायचं. इंजिन बंद की डायनामो बंद. मग वायरलेस, जीपीएस, केबिनमधला दिवा आणि डोलकाठीवरचे दिवे असं सगळं एका बॅटरीच्या जिवावर. हर्णैला आमची सहा सिलिंडरची लाकडी बोट आहे. भाऊ लिलाव, डिझेल आणि हिशेब बघतो. वायरिंग, पंप, बॅटऱ्या ही दुखणी माझ्या वाट्याला आलेली.

जाळं पाण्यात असताना बोटीने वर लाल आणि खाली पांढरा असे दोन दिवे दाखवायचे, चारी बाजूंनी दिसतील असे, हा नियम आहे. ट्रॉल ओढणाऱ्याचा वरचा दिवा हिरवा. आमच्यासारख्याचं जाळं दीडशे मीटरहून लांब पसरलेलं असेल तर ज्या अंगाला जाळं आहे तिकडे आणखी एक पांढरा दिवा. गिलनेट त्याहून कितीतरी लांब असतं, त्यामुळे तिसरा दिवा ठरलेलाच. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे, आणि बारा मीटरवरच्या बोटीचे हे दिवे दोन सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत असंही. दोन मैल ऐकायला बरेच वाटतात. पंधरा नॉटने येणारं जहाज ते अंतर आठ मिनिटांत कापतं, आणि जाळं पाण्यात असलेल्या बोटीला आठ मिनिटांत फारसं काही करता येत नाही.

आमच्या तिन्ही दिव्यांत पंचवीस वॅटचे बल्ब होते. तीन मिळून ७५ वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर सव्वासहा अँपिअर. बारा तासांची रात्र धरली तर ७५ अँपिअर-तास. बॅटरी १५० ची. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं की ती लवकर मरते, आणि इथे निम्मी तर नुसते दिवेच खात होते. वायरलेस आणि जीपीएस वेगळे. थंडीतल्या लांब रात्रींनंतर पहाटे सेल मारला की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. मग शेजारच्या बोटीला वायरलेसवर हाक मारायची, तिची बॅटरी आणायची, आणि तोवर लिलावाची वेळ टळलेली.

यावर सगळ्या बंदरांत एकच उपाय चालतो. दिवे बंद ठेवायचे, आणि जहाजाचा उजेड जवळ येताना दिसला की पेटवायचे. आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, हे लपवून ठेवत नसत. "दिवे रात्रभर लावले तर सकाळी बंदरात पोचवणार कोण?" असं ते सरळ विचारायचे, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. पहाऱ्यावरचा खलाशी दिवसभर जाळं ओढून दमलेला. त्याला डुलकी लागली तर अंधारातली ती बोट कुणालाच दिसत नाही. लाकडी बोट रडारवरही नीट उमटत नाही, लाटा असल्या तर मुळीच नाही.

दिवे बदलायचे हे पावसाळ्यात ठरलं, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि बोट आंजर्ल्याच्या खाडीत वर काढलेली. मात्र बोटीला एलईडी लावतोय असं आमच्या किनाऱ्यावर बोलणं अवघड आहे. जनरेटर ठेवून भगभगीत दिवे लावायचे, त्या उजेडाला मासळी गोळा झाली की पर्ससीन जाळ्याने उचलायची, या प्रकाराने छोट्या मच्छीमाराचं कंबरडं मोडलं आहे. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात त्यावर बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवले, तरी उजेड दिसतो तो दिसतोच. या विरोधात निवेदनं देणाऱ्यांत आम्ही होतो. त्यामुळे जेटीवर पहिल्याच दिवशी "काय नाखवा, तुम्हीपण?" झालं. खिशातून तीन वॅटचा बल्ब काढून दाखवला तेव्हा लोक हसले. गस्तीवाल्यांनाही तोच दाखवावा लागेल अशी तयारी मी ठेवली होती, पण तशी वेळ आली नाही.

जुने दिवे उघडले तेव्हा दर वर्षीचंच दृश्य होतं. पितळी होल्डरवर हिरवा कीट, तळाशी मेलेले किडे आणि मिठाचा थर, वायरीचं तांबं आतपर्यंत काळं पडलेलं. बल्बच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, एक वर एक खाली, म्हणजे बल्ब एकाच पद्धतीने बसतो आणि आतली तार बरोबर उभी राहते. तार उभीच का हवी हे मला नंतर कळलं, आणि तेच या सगळ्या कामातलं मुख्य निघालं.

खरेदीला मुंबईत लोहार चाळीत गेलो. तिथे दुकानदार पहिली गोष्ट सांगतो ती उजेडाची. "हा घ्या, डोळे दिपतील." मला डोळे दिपवायचे नव्हते. दोन मैलांसाठी नियम मागतो तो उजेड ४.३ कँडेला, म्हणजे अगदी बेताचा. तो कुठल्याही बऱ्या एलईडीतून निघतो. प्रश्न रंगाचा होता. दुकानात मिळाला तो पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला बल्ब. घरी आणून लाल काचेच्या दिव्यात बसवला तर उजेड जुन्यापेक्षा मंद आणि गुलाबीकडे झुकलेला. बाजूच्या दिव्याच्या हिरव्या काचेत हिरव्याचा निळसर झाला.

त्याचं असं आहे. तापलेल्या तारेच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो. लाल काच बाकीचं अडवते आणि तो तेवढा सोडते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळा लेप देऊन तो पांढरा दिसेलसा केलेला. त्यात लाल आधीच थोडा, मग काचेतून बाहेर पडणार काय? म्हणून लाल काचेमागे लालच एलईडी लागतो आणि हिरव्यामागे हिरवा. ते न मिळाल्यास निदान पिवळसर पांढरा. हे बल्ब लोहार चाळीतल्या पहिल्या चार दुकानांत नव्हते. शोधून मागवावे लागले, थोडे महागही पडले. पहिले बल्ब परत घ्यायला दुकानदाराने साफ नकार दिला, ते आता घराच्या पडवीत आहेत.

चारी बाजूंनी दिसणाऱ्या दिव्यांचं काम इथवर संपलं. बाजूच्या दिव्यांनी खरा घोळ घातला. डाव्या अंगाचा लाल आणि उजव्या अंगाचा हिरवा, प्रत्येकाने ११२.५ अंशच दाखवायचे असतात. सरळ पुढून सुरू होऊन आडव्या रेषेच्या थोडं मागे जाऊन संपायचं. पुढे उभ्या असलेल्याला दोन्ही दिसले तर बोट थेट त्याच्यावर येते आहे, एकच दिसला तर ती बाजूने जाते आहे. समोरच्या जहाजाचा सगळा निर्णय या एका फरकावर असतो. जुन्या बल्बची तार बारीक आणि उभी, म्हणून दिव्याच्या कडेला उजेड सुरीने कापल्यासारखा थांबायचा. एलईडीच्या बल्बला मात्र मक्याच्या कणसासारखे चारी अंगांनी दाणे. उजेड एका रेषेतून येत नाही, जाड बुंध्यातून येतो, आणि दिव्याच्या कडेने वाकून पलीकडे सांडतो.

हे बघायला काही यंत्र लागलं नाही. अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री, पाऊस थांबलेला असताना, बोट खाडीच्या काठावर उभी असतानाच दिवे लावले. बोटीच्या मधल्या रेषेत पुढे लांबवर एक काठी रोवली आणि पुतण्याला तिच्याभोवती डावी-उजवीकडे चालायला सांगितलं. "लाल गेला की ओरड." जुना बल्ब असताना तो काठीपासून थोडा उजवीकडे सरकला आणि ओरडला. एलईडी घातल्यावर चालतच राहिला. चिखलात पाय रुतायला लागले तरी त्याला लाल दिसत होता. म्हणजे उजव्या अंगाने जाणाऱ्या जहाजालाही आमची बोट अंगावर येताना दिसली असती. दिव्यामागच्या फळ्या काळ्या मॅट रंगाने रंगवून पाहिल्या, एक फळी पुढे लांबवलीही. फरक पडला, पुरेसा नाही.

माझं मत तेव्हा बनलं आणि ते अजून तसंच आहे. बाजूच्या आणि मागच्या दिव्यांत नुसता बल्ब बदलू नये. काच, तार आणि कड ही एकमेकांसाठी बनवलेली असतात. त्यातलं एक काढून दुसरं घातलं की दिवा पास झालेला राहत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. बदलायचाच तर एलईडीसाठीच बनवलेला, सीलबंद, पूर्ण दिवा घ्यावा. तो बल्बच्या कितीतरी पट महाग आहे. आम्ही दोन्ही बाजूंचे घेतले. मागचा दिवा जुन्याच बल्बवर ठेवला, कारण तो फक्त बोट चालू असताना लागतो आणि तेव्हा डायनामो फिरत असतो. खरं तर बाजूच्यांनाही हाच न्याय लावता आला असता, पण भावाला एकदा नवे दिवे घ्यायचेच होते.

मग वायरलेसची खरखर. बोट पाण्यात उतरवायच्या आधी सगळे दिवे लावून ठेवले होते आणि चॅनेल १६ वर एकसारखी फसफस सुरू झाली. दिवे बंद केले, थांबली. एकेक लावून पाहिला तेव्हा डोलकाठीवरचा पांढरा दिवा दोषी निघाला, वायरलेसच्या अँटेनाजवळचाच. बल्बच्या बुडात व्होल्टेज सांभाळणारा छोटासा सर्किटबोर्ड असतो, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, आणि डोलकाठीवरून खाली येणारी लांब वायर ती गडबड बाहेर फेकते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याच कारणासाठी बोटवाल्यांना इशारा दिला होता. मदतीची हाक आपल्याला ऐकूच न येणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि दिवे लावलेले असतात तेव्हाच ती ऐकायची असते. वायरीवर फेराइटची कडी चढवून खरखर कमी झाली. अँटेना हात-दीड हात बाजूला घेतल्यावर आणि त्या जागी दुसऱ्या बनावटीचा बल्ब घातल्यावर गेली.

बारीकसारीक कामं अनेक झाली. कथिल चढवलेली नवी वायर ओढली, जोडांवर व्हॅसलिन लावलं, काचेखालची रबरी चकती बदलली. चकतीचं महत्त्व एलईडीत जास्त आहे. जुना बल्ब तापायचा आणि आत शिरलेला दमटपणा स्वतःच वाळवायचा, हा थंड राहतो आणि आत दव साचतं.

ऑगस्टपासून तिन्ही दिवे रात्रभर चालू असतात. तीन-तीन वॅटचे, मिळून नऊ वॅट, बारा तासांत नऊ अँपिअर-तास. कुठे ७५ आणि कुठे नऊ. पहाटे सेल एका दमात लागतो. तांडेलांनी दिव्यांचं कौतुक केलं नाही, पण दिव्यांच्या खटक्याला हात लावणं त्यांनी सोडलं आहे, आणि मला तेवढं पुरे.

वाचलेल्या बॅटरीचं काय करायचं यावर मात्र माझा आणि खलाशांचा वाद चालू आहे. त्यांनी बाजारातून रंग बदलणारी, लुकलुकणारी माळ आणून डोलकाठीला गुंडाळली होती. बंदरात अशा बोटी आता बऱ्याच दिसतात, लांबून नवरात्राचा मंडप वाटावा अशा. निळा, जांभळा, हिरवा, लाल पाळीपाळीने. जहाजावरच्या माणसाने त्यातून काय वाचायचं? ट्रॉलर, गिलनेट, की आणखी काही? माळ मी उतरवली. डेकवरच्या एलईडी फ्लडलाइटचंही तेच. जाळं ओढताना तो हवाच, पण तो चालू असला की त्याच्या झगझगाटात वरचे लाल-पांढरे दिवे बुडून जातात आणि तांडेलालाही समोरचं काही दिसत नाही. आता त्याचं तोंड खाली वळवून वर पत्रा ठोकला आहे, आणि जाळं आत आलं की तो बंद.

एक गोष्ट अजून बघायची राहिली आहे. तारेचा बल्ब गेला की गेला, लगेच कळायचं. एलईडी हळूहळू मंद होतो किंवा त्याचे चार दाणे विझतात आणि खालून तो चालूच दिसतो.

तेव्हा एवढंच सांगणं आहे. बोट पाण्यात उतरली की हंगामाच्या पहिल्या फेरीआधी एका रात्री सगळे दिवे लावा, छोटी होडी घेऊन मैलभर लांब जा आणि आपल्याच बोटीला एक चक्कर मारा. वायरलेसजवळ कुणाला तरी बसवून ठेवा.