शिवारातली गाडवाट

देवगाव रंगारीच्या शिवारात तिला वेगळं नाव नाही. गाव सोडलं की डांबरी रस्त्यापासून फुटून बांधाबांधाने मळ्याकडे वळते ती गाडवाट. अंगावर दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, कडेला बाभळी आणि निंब. कन्नड तालुक्यातल्या या पट्ट्यात कपाशी, मका, कांदा बाजाराला निघतो तो आधी हिच्याच अंगावरून.

स्वभावाने ती अबोल आणि कष्टाळू. सकाळी दुधाच्या किटल्या, मग रेंजर सायकलींवरून शाळेकडे सुटलेली पोरं, दुपारी भाकरीचं गाठोडं घेतलेल्या बाया, दिवेलागणीला परतणारी ढोरं. रात्री वीज येते तेव्हा बॅटरीच्या उजेडात मोटर चालू करायला जाणारा माणूसही तिच्याच भरवशावर निघतो. घरातल्या थोरल्या सुनेसारखं तिचं आहे: सगळा संसार तिच्यावर चालतो आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं.

म्हणूनच तिचं अंग चोरीला जातं. नांगराचं एकेक तास दरवर्षी तिच्यात शिरतं. मग कुणी काटेरी फांदी आडवी टाकतो, कुणी चारी खोदतो. बैलगाडी जायची तिथे सायकल जेमतेम निघते, आणि पुढे तीही हातात धरून न्यावी लागते.

तरी ती निराधार नाही. गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो, पायवाट एकेरी रेषेने. वहिवाटीची वाट अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल, तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून वाट मिळवून देतं. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेतरस्त्यांना पैसा मिळू लागला. मे 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असं ठरवलं. थोरल्या सुनेचं नाव कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

पण नुसत्या कागदावर ती जगत नाही. तिचा खरा कस पावसाळ्यात लागतो. काळी माती भिजली की चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात. घाईतला ट्रॅक्टरवाला चिखल टाळायला शेजारच्या कपाशीत चाक घालतो. त्याच्यामागून दुसरा येतो, तिसरा येतो. चार दिवसांत उभं पीक मोडून नवी वाट पडते. ज्याचं पीक मोडलं तो उद्या काटे टाकणारच, आणि त्याचा राग खोटा नसतो. त्या दिवशी वाट अडवली जाते ती वापरणाऱ्यांच्याच हाताने.

डोंगरातल्या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांनी हाच धडा दूर अमेरिकेत घेतला. कॅलिफोर्नियात एकेका वाटेवर सायकलला बंदी होऊ लागली, तेव्हा 1988 मध्ये त्यांनी संघटना उभी केली. सरकारदरबारी त्यांनी वाटा मागितल्याच, शिवाय स्वतःला नियमही घालून घेतले: खुल्या वाटेवरूनच जायचं, ओल्या मातीत चाकं रुतवायची नाहीत, चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची, जनावरं बुजवायची नाहीत. हातात कुदळ घेऊन वाटा दुरुस्तही केल्या. त्यांच्या मागणीला वजन आलं ते या वागण्यामुळे.

गाडवाटेलाही दोन्ही हवं. अर्ज हवा, नकाशाची प्रत हवी, स्थळ पाहणीला हजर राहणारी माणसं हवीत. त्याचबरोबर पाऊस पडल्यावर माती वाळेपर्यंत ट्रॅक्टर थांबवणारा धनी हवा, ढोरं समोरून आली की सायकलवरून पाय टेकणारं पोरगं हवं, पेरणीआधी मुरूम टाकायला आणि पाण्याला उतार काढून द्यायला बांधावरचे सगळे शेजारी हवेत. दोन शेजाऱ्यांनी मिळून टाकलेला मुरूम तहसीलचा एक फेरा वाचवतो. आणि फेरा मारावाच लागला, तर ज्याने कधी कुणाचं पीक तुडवलं नाही, त्याच्या बाजूने साक्ष द्यायला अख्खं शिवार उभं राहतं.