पडद्यावरचा उजेड

वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात प्रूफ रेंजवर, म्हणजे काडतुसांच्या चाचणीच्या मैदानावर, नोकरी केली आणि निवृत्त होऊन खापरला आलो, तरी गोळीचा वेग डोक्यातून जात नाही. परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, आता वेग मोजायला रायफलीशेजारी छोटं रडार ठेवलं की झालं. पडदे नाहीत, अंतर मोजायची टेप नाही. मग तुमची एवढी वर्षं गेली कशात?"

लागलं मला ते. उजेडात गेली, बाबा.

सेकंदाला ८४० मीटरने जाणारी ७.६२ मिलिमीटरची गोळी एकमेकांपासून दोन मीटरवरचे, उजेड टिपणारे दोन पडदे २.३८ मिलिसेकंदांत ओलांडते. घड्याळाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण पडद्याला गोळी दिसत नाही, तिने अडवलेला उजेड तेवढा कळतो. पहिल्या पडद्याला टोकाची सावली पुरली आणि दुसऱ्यावर ऊन तिरपं पडून टोकामागचा जाड भाग यायची वाट पाहावी लागली, की पाच मिलिमीटर गेले. तेवढ्याने सेकंदाला दोन मीटर वेग कमी दिसतो. ढग आला की आकडा हलतो. शेडमध्ये घ्यावं, तर ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. पडदे दहा मीटरवर नेले की तीच चूक अर्ध्या मीटरच्या आत येते. म्हणून लांब अंतरासाठी मी भांडायचो. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या ल बूलाँजेने हाच काळ पडणाऱ्या दोन सळयांवर मोजला. गोळीने तार तोडली की सळई सुटायची. उजेडाचा संबंधच नाही! त्या माणसाचा मला हेवा वाटतो.

दुसऱ्याने लावलेले पडदे मला खपत नसत. पहिल्या आकड्यावरूनच मांडणीतली खोट मला कळे, आणि त्याचा मला गर्व होता. आजही आहे.

राग येतो तो तीन फैरी झाडून दशांशापर्यंत सरासरी सांगणाऱ्यांचा. हजार यार्डांवर सरासरी काय कामाची? एक गोळी सेकंदाला दहा मीटरने मंद निघाली, तर ती वीतभराहून जास्त खाली लागते. शिवाय वेग कुठला तेही सांगत नाहीत: नळीच्या तोंडाचा, की २४ मीटरवरचा? तेवढ्या अंतरात सेकंदाला पंधराएक मीटर वेग गळतो.

भाच्या, रडार जरूर घे, चांगलं आहे. पण आकड्याशेजारी काडतुसांचं तापमान लिही. कसोटी २१ अंशांवर होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आणि वीस फैरी झाल्याशिवाय काडतुसांचा लॉट चांगला की वाईट, हे मला सांगू नकोस.